कच्च्या दुधातील जिवंत जिवाणूंच्या मोजणीसाठी थेंब-पद्धत : तीन ऋतूंच्या वापरानंतरचा अनुभव

सोलापूरजवळच्या एका दूध प्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत मी सूक्ष्मजीव तपासणीचे काम पाहतो. मोहोळ, मंगळवेढा आणि पंढरपूर भागांतील संकलन केंद्रांवरून आमच्याकडे दूध येते. त्यातील जिवंत जिवाणू मोजण्यासाठी गेल्या हिवाळ्यापासून आम्ही नेहमीच्या पोअर प्लेटच्या (म्हणजे विरळ केलेल्या दुधावर वितळलेले अगार, ही जिवाणू वाढवण्याची जेली, ओतून ती बशीत गोठवण्याच्या पद्धतीच्या) जोडीला मायल्स आणि मिश्रा यांची १९३८ सालची थेंब-पद्धत वापरत आहोत. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू पाहून झाल्यामुळे तिच्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

पोअर प्लेटची अडचण अचूकतेची नाही, आवाक्याची आहे. चार डायल्यूशन (टप्प्याटप्प्याने विरळ केलेले दूध) आणि प्रत्येकी दोन प्लेट धरल्या तर एका नमुन्याला आठ प्लेट आणि सव्वाशे मिलीलिटरच्या आसपास अगार लागते. त्यामुळे पूर्वी आम्ही एकत्र झालेल्या टँकरचाच नमुना लावत असू आणि आकडा वाढला तरी नेमके कोणत्या केंद्राचे दूध बिघडले, हे कळत नसे. थेंब-पद्धतीत तेच काम दोन प्लेटमध्ये होते आणि म्हणून प्रत्येक केंद्राचा नमुना स्वतंत्रपणे लावणे परवडते. माझ्या मते या पद्धतीचे सर्वांत मोठे मोल हेच आहे.

प्रत्यक्ष काम असे चालते. प्लेटच्या पाठीवर मार्करने चार भाग आखायचे, प्रत्येक भागाला एक डायल्यूशन द्यायचे आणि मायक्रोपिपेटने २० मायक्रोलिटरचे तीन थेंब त्याची टिप (पुढचे बदलते टोक) अगारला न टेकवता सोडायचे. थेंब पूर्ण जिरल्यावरच प्लेट उलटी करून ३० अंश सेल्सिअसच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. ज्या भागात वसाहती (जिवाणू वाढून दिसणारे ठिपके) भरपूर असूनही एकमेकींत मिसळलेल्या नाहीत, तो भाग मोजायचा. समजा दहा हजार पट विरळ केलेल्या दुधाच्या तीन थेंबांत ८, ११ आणि ९ वसाहती आल्या, तर सरासरी ९.३ येते, तिला ५० ने (२० मायक्रोलिटरचे ५० थेंब म्हणजे एक मिलीलिटर) आणि मग दहा हजारांनी गुणले की मिलीलिटरला सुमारे ४७ लाख हा आकडा मिळतो. कच्च्या दुधाच्या भारतीय प्रतवारीत २ लाखांपर्यंतचे दूध अतिशय चांगले आणि ५० लाखांपुढचे निकृष्ट मानले जाते, म्हणजे हे दूध काठावर उभे आहे. मात्र एकूण २८ वसाहतींवर उभ्या असलेल्या या आकड्यात केवळ योगायोगानेच सुमारे १९ टक्क्यांची चूक संभवते, तर पोअर प्लेटवर २०० वसाहती मोजल्या तर ती ७ टक्क्यांवर येते. म्हणून ४७ आणि ५२ लाखांमधील फरकावरून कोणत्याही केंद्राला दोष देऊ नये. २ लाखांचे २० लाख झाले, तर मात्र लगेच चौकशी करावी.

सोलापूरच्या उन्हाळ्यात या पद्धतीचा एक वेगळा फायदा दिसला. पोअर प्लेटसाठी अगार ४५ अंशांवर वितळलेले ठेवावे लागते आणि ते साधारण ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान गोठते. मे महिन्याच्या दुपारी वीज जाऊन खोली तापली की ओतलेली प्लेट गोठायला नको इतका वेळ घेते. (जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिन वापरत आणि ते उन्हाळ्यात वितळून जाई, तिथल्या एका सहकाऱ्याच्या पत्नी फॅनी हेसे यांनी अगार सुचवले नसते, तर आपल्याकडे हे काम उभेच राहिले नसते.) शिवाय बल्क कूलरमधील थंड दुधात वाढणारे स्यूडोमोनाससारखे जिवाणू ४५ अंशांच्या अगारात दुखावू शकतात आणि त्यांना हवाही भरपूर लागते. थेंब-पद्धतीत ते पृष्ठभागावर वाढतात. त्यामुळे थंड साठवलेल्या दुधाचा आकडा थेंबांवर काहीसा अधिक येतो आणि तोच मला अधिक खरा वाटतो.

सारी मदार प्लेटच्या कोरडेपणावर आहे. प्लेट नीट वाळलेली असेल तर थेंब पंधरा-वीस मिनिटांत जिरतो आणि त्याची गोल कड स्पष्ट राहते. पावसाळ्यात झाकणाला आतून पाणी सुटते, थेंब शेजारच्या थेंबाला जाऊन मिळतो आणि ते दोन्ही बाद होतात. उन्हाळ्यात उलट घडते : जास्त वाळलेल्या अगारावर थेंब पसरतच नाही आणि वसाहती एका ठिपक्यात दाटतात. ऋतूप्रमाणे वाळवण्याची वेळ बदलावीच लागते. मोजणीही भिंगाखाली पहिल्यांदा २४ तासांनी करावी, कारण बॅसिलस जिवाणूची एखादी पसरट वसाहत पुढे अख्खा थेंब व्यापून टाकते.

टिप्सबाबत एक तक्रार आहे. एका पुरवठादाराच्या स्वस्त टिप्स मायक्रोपिपेटवर घट्ट बसत नव्हत्या आणि थेंब लहान-मोठे पडत होते. २० मायक्रोलिटर पाण्याचे वजन सुमारे २० मिलिग्रॅम भरते, तेव्हा प्रत्येक नवी पिशवी उघडल्यावर काट्यावर ते पडताळून घ्यावे.

पाश्चराइज्ड दुधासाठी मी ही पद्धत वापरत नाही. तेथे जिवाणू थोडे असतात, त्यामुळे जास्त विरळ केलेली डायल्यूशन कोरी जातात; आणि कमी विरळ केलेल्या दुधाचा, विशेषतः पंढरपुरी म्हशीच्या स्निग्ध दुधाचा, अगारावर पांढुरका डाग राहून बारीक वसाहती त्यात हरवतात. ग्राहकाला किंवा परवान्यासाठी द्यायचा अहवालही आम्ही प्रमाणित पोअर प्लेटवरच देतो. ज्यांना ही पद्धत सुरू करायची आहे, त्यांनी स्वतःच्याच नमुन्यांवर दोन्ही पद्धती काही आठवडे शेजारी-शेजारी चालवाव्यात आणि आकड्यांमधील नेहमीचा फरक ओळखीचा झाल्यावरच केंद्रांना त्याविषयी कळवायला सुरुवात करावी.