जमीन-मोजणी ऑफिसचा अनुभव: मोजणी तीन तासात, नकाशा पाच महिन्यात

ऑफिसचं नाव लिहीत नाही आणि तालुकाही नाही, कारण पुढच्या वर्षी वाटणीच्या कामासाठी मला तिथंच जायचं आहे आणि तिथं आता जी चारदोन माणसं उरली ती सगळी मला तोंडावरून ओळखतात. विदर्भातला तालुका आहे, एसटी स्टँडवरून पायी दहा मिनिटं, एवढं पुरे. पाचपैकी दोन स्टार देऊन राहिलो. फेब्रुवारीत विचारलं असतं तर चार दिले असते, एप्रिलात विचारलं असतं तर शिव्या दिल्या असत्या.

काम साधं होतं. आमचं चार एकर वावर आहे आणि पूर्वेकडचा धुरा, म्हणजे बांध, दरवर्षी थोडा थोडा आमच्याकडे सरकते. शेजारी पेरणीत एखादं तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, इकडे घेतो, आपण काही बोललो नाही की पुढच्या साली अजून एक, असं करत करत बाबांच्या काळातलं बाभळीचं झाड धुऱ्यावर होतं ते आता त्याच्या तुरीत उभं आहे. भांडून झालं, सरपंचाला घेऊन झालं, शेवटी म्हटलं मोजणीच टाकू. सोयाबीन निघालं, हातात पैसे आले, डिसेंबरात अर्ज केला, चलान भरलं, आजूबाजूच्या खातेदारांना नोटिसा गेल्या, फेब्रुवारीतली तारीख भेटली.

मोजणीच्या दिवसाचं मात्र कौतुकच करतो. मोजणीदार साहेब मोटरसायकलवर आले, मागे त्या रोव्हरची, म्हणजे सॅटेलाइटवरून जागा मोजणाऱ्या यंत्राची, काठी आडवी बांधलेली. बाबांच्या वेळी साखळी आणि टेबल घेऊन दोन दिवस चालायचं म्हणे, इथं काठी रोवली, पाण्याचा बुडबुडा मधात आणला, बटण दाबलं की पॉइंट आला. आमच्या काकांनी विचारलं, साहेब याले सीम लागते का, आम्ही हसलो तर साहेब म्हणाले हसू नका, लागते, सॅटेलाइट वरून दिसते पण त्याची दुरुस्ती नेटवरून येते. आणि आमच्या वावरात नेट कुठलं, मग माझा मोबाईल हॉटस्पॉटला लावून मी नाल्याच्या उंचवट्यावर अर्धा घंटा हात वर करून उभा होतो. तीन तासात मोजणी झाली. चुन्याच्या खुणा पडल्या, बाभूळ आमच्याच हद्दीत आली, शेजारी काही बोलला नाही, नुसता तोंडातला खर्रा थुंकून गेला. साहेबांनी चहासुद्धा आमच्या आग्रहानं घेतला, पैशाची गोष्ट काढली नाही, हेही लिहून ठेवतो कारण लोक सगळ्यांना एकाच मापात मोजतात. म्हणाले, पंधरा दिवसात क प्रत घेऊन जा.

क प्रत म्हणजे मोजणीचा नकाशा. तो हातात नसेल तर चुन्याच्या खुणेला काही अर्थ नाही, एका पावसात गेली. आणि खरी गंमत इथूनच सुरू झाली.

त्या ऑफिसच्या बाहेरच्या खोलीत चार कॉम्प्युटर होते आणि त्यावर चार पोरं बसायची, सगळी कंत्राटी, कुठल्यातरी एजन्सीमार्फत लागलेली. अर्ज ऑनलाइन चढवणं, चलान जुळवणं, मोजणीदारानं आणलेला डेटा टाकून नकाशा काढणं, जुने रेकॉर्ड स्कॅन करणं, सगळं तेच करायचे. कायम नोकरीतले लोक आतल्या खोलीत सह्या करायचे. आता माझी चूक सांगतो. जानेवारीत चलानचा नंबर जुळत नव्हता म्हणून मी त्यातल्या एका पोट्ट्याला दहा लोकांसमोर बोललो होतो, की तुम्हाले फुकटचा पगार भेटते, आमचं वावर गेलं तरी तुमचं काय जाते. तो काही बोलला नाही. नंबर काढला, बँकेच्या पावतीवर एक शून्य कमी पडलं होतं ते दाखवलं, म्हणाला काका तुमची चूक नाही, त्याईची प्रिंट उडाली आहे. बस. तेव्हा मला काय माहीत की त्याचा दिवाळीपासूनचा पगार झालेला नव्हता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेलो तर म्हणाले साहेबांची सही बाकी आहे, मार्च एंड आहे, नंतर या. एप्रिलात गेलो तर बाहेरच्या खोलीत कोणीच नाही. तीन खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवलेल्या, मॉनिटरवर जुनी चादर टाकलेली. शिपाईमामांना विचारलं पोट्टे कुठी गेले, तर म्हणाले, "गेले ना भाऊ. एकतीस मार्चच्या संध्याकाळी मोबाईलवर मेसेज आला, उद्यापासून हजर राहू नये म्हणून. पोट्टे इथंच बसून होते, चहा सांगितला होता, तो थंडा होऊन गेला."

एवढाच निरोप. पत्र नाही, बोलावणं नाही. पाच पाच वर्षं काम केलेली पोरं, अकरा महिन्यांचा आदेश, मधात ब्रेक, पुन्हा आदेश, आणि या वेळी आदेशच आला नाही. निधी नाही म्हणे, कोणी म्हणते एजन्सीचं टेंडर संपलं, कोणी म्हणते नवीन एजन्सी येणार आणि ती आपली माणसं आणणार. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारनं नऊ एजन्स्यांकडून माणसं घ्यायचा जीआर काढला होता, त्यावर केवढी बोंब झाली, ऑक्टोबरात तो रद्द केला, पेढे वाटले, पण कंत्राटी काही संपलं नाही, आमच्या तालुक्यात तेव्हाही पोरं एजन्सीचीच होती आणि नंतरही.

आता रिव्ह्यूचा मुख्य भाग, म्हणजे त्यानंतर ऑफिस कसं चालते. नाही चालत. चार जणांचं काम आतल्या एका बाबूवर आलं, त्याच्याकडे आधीच दोन टेबलांचा चार्ज होता, त्यातलं एक रिटायर झालेल्या माणसाचं आणि एक प्रतिनियुक्तीवर गेलेल्याचं. बाबू वाईट नाही. पण तुम्ही समोर उभे राहिले तरी तो वर पाहत नाही, पाहिलं तर कोणालातरी उत्तर द्यावं लागेल म्हणून. मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीसच्या वर ऊन, कूलरमध्ये पाणी नाही कारण पाणी भरायचं काम कोणाचं ते ठरलेलं नाही, मी तिसऱ्या चकरेला भडकलो. दारावरचा तो निळा बोर्ड दाखवला, कोणती सेवा किती दिवसात, खालचे दोन आकडे पुसून गेलेले आहेत तो. म्हटलं २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, अपील टाकतो, पाचशे ते पाच हजार दंड बसते. त्यानं चष्मा काढला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "टाका भाऊ, खरंच टाका. दंड साहेबाले बसन, साहेब माह्यावर काढन, मी कोनावर काढू? ज्यानं मेसेज पाठवला त्याले काही बसत नाही. पगार एका टेबलाचा हाये, शिव्या तीन टेबलाच्या खातो."

मी अपील टाकलं नाही. टाकायला पाहिजे होतं असं आमचा वकील मित्र म्हणते.

नंतर बाकावर बसलो तर तोच बाबू बाहेर येऊन बोलला. तो २००५ च्या नोव्हेंबरनंतर लागलेला, म्हणजे जुनी पेन्शन नाही. २०२३ च्या मार्चमध्ये १४ ते २० तारखेचा तो संप झाला, 'एकच मिशन, जुनी पेन्शन', त्यात हा पण पेंडॉलमध्ये बसला होता. म्हणाला, तेव्हा हे कंत्राटी पोट्टे आत काम करत होते आणि आम्ही बाहेर घोषणा देत होतो, आम्हाले वाटलं याईच्या भरवशावर सरकार आमचा संप मोडते, आम्ही त्याईच्याशी आठ दिवस बोललो नाही, अन् आता त्याईले काढलं तर कामाचा कागद हातात घ्यावासा वाटत नाही. मग स्वतःच उठला, म्हणाला जाऊ द्या, लंच संपला.

शिपाईमामांचं वेगळंच. ते या वर्षी रिटायर होऊन राहिले आणि त्यांच्या जागी कोणी येणार नाही, पद व्यपगत होणार. व्यपगत हा शब्द त्यांनी एवढा ऐकला आहे की बरोबर उच्चारतात. "मी गेलो की माही स्टूलबी रिटायर," म्हणाले, आणि हसले. बत्तीस वर्षं त्या स्टुलावर काढली. कोणता बस्ता, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, कोणत्या कपाटात हे ऑफिसात फक्त त्यांना माहीत आहे, गावाचं नाव सांगितलं की न पाहता हात घालतात. कोणी लिहून घेतलं का, विचारलं. नाही म्हणाले.

आणि ज्याला मी बोललो होतो तो पोट्टा? तो ऑफिसच्या समोरच्याच झेरॉक्सच्या दुकानात बसते आता. दुकान दुसऱ्याचं आहे, हा अर्जामागे काही पैसे घेतो. ऑफिसात गेलं की तिथलेच लोक सांगतात, समोर जाऊन भरून आणा. म्हणजे जे काम तो आत बसून फुकटात करून द्यायचा तेच आता रस्त्याच्या या बाजूला पन्नास रुपयात करते, आणि काम तेवढंच चोख. मी जाऊन उभा राहिलो, जानेवारीचं डोक्यात होतं, काय बोलावं समजेना. त्यानंच म्हटलं, या काका, बाभूळ आली का हद्दीत? त्याला बाभूळ लक्षात होती! अर्जात मी लिहिलं होतं म्हणे.

बसलो तिथं तासभर. त्यांच्या संघटनेचा डिसेंबरात अधिवेशनावर मोर्चा गेला होता, यशवंत स्टेडियमवर एक रात्र काढली, थंडीत, निवेदन दिलं, विचार करू म्हणाले, आणि परतीच्या रेल्वेत उभ्यानं आले. (हे अधिवेशन नागपुरात होते ते १९५३ च्या नागपूर कराराच्या भरवशावर, आणि त्याच करारात विदर्भाला नोकऱ्यांत लोकसंख्येच्या मानानं वाटा द्यायचं लिहिलेलं आहे. असो, तो वेगळा रिव्ह्यू होईल, त्याला स्टार मायनसमध्ये द्यावे लागतील.) त्यानं मोबाईलवर सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला, डिसेंबर २०२४ चा, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं टेम्पररी राबलेल्या सफाईच्या बाया आणि माळी यांना परत घ्या, कायम करा असं कोर्टानं सांगितलं. वकिलाकडे गेला तर वकील २००६ चा उमादेवी निकाल काढून दाखवते, मागच्या दारानं लागलेल्याला कायम करता येत नाही म्हणून. "मी म्हटलं वकीलसाहेब, मी मागच्या दारानं नाही आलो, माही टेस्ट झाली होती, टायपिंगची. ते म्हणे टेस्ट एजन्सीनं घेतली का सरकारनं? आता हे मले कसं माहीत, साहेबाच्याच केबिनमंदी झाली होती."

तेवढ्यात आतला बाबू रस्ता ओलांडून आला, हातात पेन ड्राइव्ह. माझ्याकडे न पाहता त्याला म्हणाला, "अबे हे बंद पडून राहिलं, सेव्ह केलं की जाते सगळं." पोट्ट्यानं काय करायचं ते सांगितलं, पैसे नाही घेतले, बाबूनं दोन चहा सांगितले आणि तिसरा माझा. तिघं उभ्यानं चहा प्यालो, त्यातला एक सरकारी, एक काढलेला, आणि एक पाच चकरा मारलेला गिऱ्हाईक. कोणी काही बोललं नाही.

ज्यांना जायचं आहे त्यांच्या कामाचं सांगतो. शनिवार-रविवार बंद, २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ पावणेदहा ते सव्वासहा लिहिलेली आहे पण साडेदहाच्या आधी जाऊन उपयोग नाही आणि बारानंतर सर्व्हर हळू होते. बाजाराच्या दिवशी जाऊ नका. आठ-अ आणि सातबाऱ्याची ताजी प्रिंट समोरून काढून न्या, बाटलीभर पाणी न्या. बायांसाठी संडास आहे पण कुलूप लावलेलं, चावी शिपाईमामांकडे. गाडी लिंबाखाली लावा.

क प्रत शेवटी जुलैत भेटली, पेरणी होऊन डवरणीही झाली होती तेव्हा. शेजाऱ्यानं तोवर पुन्हा एक तास टाकलं होतं, अंदाजानं. त्या दिवशी बाबूनं मला आत बोलावलं, चादर काढली, कॉम्प्युटर सुरू केला. मॉनिटरच्या खाली एक कागद चिकटवलेला होता, सेलोटेप पिवळी पडलेली, त्यावर पोट्ट्याच्या अक्षरात लिहिलेलं, एक ते नऊ. आधी सेव्ह मग प्रिंट. गटनंबर इंग्रजीत टाका. लाल आलं तर घाबरू नका, पुन्हा दाबा. बाबू एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायचा, मग माउस हलवायचा, मग पुन्हा बोट. सातव्या ओळीला लाल आलं. तो घाबरला, मी म्हटलं पुन्हा दाबा, लिहिलं आहे ना. दाबलं. आलं.

दोन स्टारमधला एक मोजणीदाराचा आहे आणि एक त्या कागदाचा. बाबूला अर्धा द्यायचा होता, अर्धा देता येत नाही.

प्रिंट द्यायच्या वेळी प्रिंटरमधला कागद संपला. कपाटात रीम नव्हती. शिपाईमामा उठले, रस्ता ओलांडला, आणि समोरच्या दुकानातून दहा कोरे कागद घेऊन आले. पैसे विचारले तर म्हणाले, वहीत लिहिते तो, ऑफिसच्या नावानं.