घोडीला मायक्रोचिप बसवली, कशी वाटली ते सांगतो

आमच्या दारव्ह्याकडं लग्नसराईत घोडी रात-रात वरातीत असते, मंग कुठंबी बांधा लागते, चोरीची भीती तं राहतेच, म्हणून जनावराच्या डॉक्टरले घरी बोलावून चिप बसवली. तांदळाच्या दाण्याएवढी चिप, मानेच्या डाव्या बाजूनं आयाळीखाली जाड सुईनं टाकली, घोडी जराशी बिचकली अन् लगेच कुटार खायले लागली. टाकायच्या आधी अन् नंतर स्कॅनर फिरवून चिपमधला घोडीच्या ओळखीचा 15 आकडी नंबर दाखवला, हे लय आवडलं, तुम्हीबी दाखवायले लावाच. पण हे जीपीएस नाई बरं, घोडी कुठं हाय ते सांगत नाई, अन् बाजारात स्कॅनर नसला तं नंबर दिसतच नाई. चोराले लांबून दिसाव असं वाटत असन तं फ्रीज ब्रँडिंग बरं, उणे 196 डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमधी थंड केलेला शिक्का लावला का तिथले केस पांढरे येतात. पण आमची घोडीच पांढरी, तिले शिक्का जास्त वेळ धरून तिथले केस कायमचे घालवा लागतात, ते जिवाले पटलं नाई. तापलेल्या लोखंडानं डागणं तं नकोच! पाचपैकी चार स्टार, एक कापला कारण पावतीवर चिपचा नंबर मागितल्यावरच लिहून देल्ला. नंबरासोबत घोडीच्या केसांचे भोवरे दिसतील असे फोटोबी काढून ठेवा.