मिनिएचर घोड्याचे पट्टे, रोन रंग आणि यूसी डेव्हिसची डीएनए टेस्ट : माझा रिव्ह्यू

स्टार आधीच सांगते, ५ पैकी ४.५. रिव्ह्यू आहे कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिस युनिव्हर्सिटीच्या व्हेटरनरी जेनेटिक्स लॅबच्या कोट कलर टेस्टिंगचा, म्हणजे घोड्याच्या अंगाचा रंग कुठल्या जीनमुळे आलाय हे सांगणाऱ्या टेस्टचा. मिनिएचर, म्हणजे बुटक्या जातीचे घोडे पाळणारे किंवा घ्यायच्या विचारात असलेले बरेच मराठी लोक आता अमेरिकेत आहेत, आमच्या टेक्सासमध्येच चार-पाच घरं माहितीयेत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो की विकणारा सांगतोय "रेअर ब्रिंडल रोन" (ब्रिंडल म्हणजे अंगावर उभे पट्टे, रोन म्हणजे रंगीत केसांत पांढरे केस मिसळलेले), दुप्पट पैसे मागतोय, तर द्यायचे का? माझं उत्तर असं की टेस्टचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय रंगासाठी एक डॉलर पण जास्त देऊ नका.

आमची मिनिएचर घोडी शेवंती घेतली तेव्हा तिची जाहिरात अशीच होती. उंदरासारखा राखाडी रंग, आयाळ फिकट सोनेरी, पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत गडद रेघ, पायांवर आडवे पट्टे, आणि बरगड्यांवर पांढऱ्या केसांच्या उभ्या पुसट रेघा, मागच्या मांडीजवळ पण पांढरे केस मिसळलेले. दिसायला इतकी गोड की बघत राहावं. पण हे सगळं एकाच कारणाने होत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पाठीवरची रेघ आणि पायांवरचे पट्टे हे डन रंगाचं काम. २०१६ मध्ये शोध लागला की याच्यामागे टीबीएक्स३ नावाचा जीन आहे. डन घोड्याच्या केसात रंग एका बाजूलाच भरला जातो आणि दुसरी बाजू रिकामी राहते, म्हणून अंग फिकट दिसतं, पण पाठीच्या रेघेतल्या केसांत रंग सगळीकडे पूर्ण भरतो, म्हणून रेघ गडद. म्हणजे पट्टा वरून काढलेला नाही, तो घोड्याचा मूळ रंग आहे आणि बाकीचं अंग फिकं पडलंय! त्याच अभ्यासात सुमारे ४३,००० वर्षांपूर्वीच्या एका घोड्याच्या डीएनएमध्ये डन आणि नॉन-डन१ असे दोन्ही प्रकार सापडले, म्हणजे माणसाने घोडा पाळायच्या कितीतरी आधीपासून ही विविधता होती. हे वाचलं तेव्हा मला खरंच शहारा आला. आपल्याकडच्या काठियावाडी घोड्यांतही पाठीवर रेघ आणि पायांवर पट्टे असलेले डन बरेच दिसतात, सारंगखेड्याच्या बाजारात गेलात तर नीट बघा.

नॉन-डन१ मुळे घोळ होतो तो असा की त्यात पण पुसट रेघ दिसू शकते, अंग मात्र फिकं होत नाही. नुसत्या डोळ्यांनी डन आणि नॉन-डन१ वेगळे करणं मिनिएचरमध्ये तर फारच अवघड, कारण हिवाळ्यात अंगावर एवढे दाट केस येतात की रेघ पूर्ण झाकून जाते, आणि शोसाठी केस कापले की तोच घोडा दुसऱ्याच रंगाचा दिसतो. फोटो बघून रंग ठरवणारे जे असतात ना, त्यांना मला एकच विचारायचंय, फोटो केस कापायच्या आधीचा आहे की नंतरचा?

आता रोन. खरा रोन म्हणजे अंगावर रंगीत आणि पांढरे केस समसमान मिसळलेले पण डोकं, आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग गडद. जखम झाली की त्या जागी परत येणारे केस गडदच येतात, म्हणून म्हाताऱ्या रोन घोड्याच्या अंगावर काळसर ठिपके असतात. १९९९ मध्ये बेल्जियन घोड्यांवरच्या अभ्यासातून याचा संबंध केआयटी जीनशी लागला. पण मिनिएचरमध्ये "रोन" म्हणून जे विकलं जातं त्यातलं निम्मं तरी दुसरंच काहीतरी असतं असं माझं मत झालंय. शिंगरू ग्रे होत असेल तर मधल्या वर्षांत पांढरे केस मिसळून ते हुबेहूब रोन दिसतं, मग हळूहळू सगळंच पांढरं होतं. सॅबिनो१ हा पांढऱ्या डागांचा पॅटर्न, त्याच्या कडा रोनसारख्या असतात. रॅबिकॅनोमध्ये मांडीपासून सुरू होऊन बरगड्यांवर पांढऱ्या केसांच्या उभ्या रेघा येतात आणि शेपटीच्या बुडाला पांढरे केस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वार्निश रोन, जो रोन नाहीच, तो ठिपकेदार अ‍ॅपलूसा घोड्यांतल्या एलपी जीनचा खेळ, ज्यात वय वाढेल तसा घोडा पांढरा होत जातो पण नाकाचं हाड, गाल आणि कमरेची हाडं गडद राहतात.

वार्निशबद्दल एवढं का सांगतेय, तर एलपीच्या दोन कॉपी (एक आईकडून, एक बापाकडून) असलेल्या घोड्याला जन्मतः रातांधळेपणा असतो. तो दिवसा छान पळतो आणि संध्याकाळी कुंपणाला धडकतो, आणि मालक म्हणतो घोडा बुजरा आहे, आणि मग त्याला मारतात. मला हे ऐकूनच पोटात कालवतं. वीस-तीस केस पाठवून जे आधी कळू शकतं ते न कळल्यामुळे मुका जीव मार खातो.

टेस्टची पद्धत सोपी आहे. साईटवर ऑर्डर करायची, फॉर्म प्रिंट करायचा, आयाळ किंवा शेपटीचे २०-३० केस मुळासकट उपटून फॉर्मवर टेपने चिकटवायचे आणि पोस्टाने पाठवायचे. कापलेले केस चालत नाहीत, डीएनए केसाच्या मुळाशी असतो. खरारा करताना ब्रशमध्ये अडकलेले पण नको, त्यात शेजारच्या घोड्याचे मिसळतात. लहान शिंगराची आयाळ फार मऊ असते, केस तुटतात आणि मूळ आतच राहतं, म्हणून शेपटीचे घ्या, बोटाला गुंडाळून झटका दिला की मूळ येतं. केस कोरडे हवेत. फॉर्मवर जात नीट लिहा, रोनच्या निकालासाठी ते महत्त्वाचं आहे, कारण ती टेस्ट मुख्यतः जीनच्या आजूबाजूच्या डीएनएतल्या खुणांवरून बेतलेली आहे आणि सगळ्या जातींत ती सारखी विश्वासार्ह नाही. सुट्या टेस्ट घेण्यापेक्षा पॅनल, म्हणजे अनेक टेस्टचा एकत्र संच, घेतलेलं स्वस्त पडतं. रिपोर्ट ईमेलवर आला, तक्ता साधा आहे, प्रत्येक जीनसमोर अर्थ दोन ओळींत लिहिलेला असतो, बायोलॉजी न शिकलेल्या माझ्या नवऱ्याने पण एका वाचनात समजून घेतला. भारतातून पाठवायचं असेल तर आधी लॅबला ईमेल करून नियम विचारून घ्या.

शेवंतीचा निकाल : मूळ रंग काळा, डनची एक कॉपी, सिल्व्हरची एक कॉपी, रोन नाही, एलपी नाही, ग्रे नाही, ब्रिंडल१ नाही. म्हणजे ती सिल्व्हर ग्रुलो (काळ्यावर डन आला की होणाऱ्या राखाडी रंगाला ग्रुलो म्हणतात), आणि "ब्रिंडल रोन" हे जाहिरातीतले दोन्ही शब्द चूक. बरगड्यांवरच्या रेघा रॅबिकॅनोच्या असाव्यात, शेपटीचं बूड बघून आमच्या व्हेटचंही तेच म्हणणं.

सिल्व्हर कळणं हा माझ्यासाठी या पैशांचा सगळ्यात मोठा मोबदला. हा रंग मिनिएचरमध्ये खूप आहे, काळ्याचं चॉकलेटी करतो आणि आयाळ सोनेरी, लोक त्याच्या प्रेमात पडतात, पण त्याच जीनसोबत डोळ्यांचे दोष येतात. एका कॉपीत डोळ्यात छोट्या गाठी असू शकतात, दोन कॉपीत प्रकरण गंभीर, डोळा बाहेर आल्यासारखा दिसतो आणि नजर कमी होऊ शकते. लाल घोड्यात सिल्व्हर लपून राहतो, अंगावर काहीच दिसत नाही, आणि अशा दोन घोड्यांची जोडी लावली तर मालकाला कल्पनाच नसते. शेवंतीचे डोळे लगेच तपासून घेतले, आता दर वर्षी तपासणी होते आणि तिला सिल्व्हर घोडा कधीच दाखवणार नाही.

अर्धा स्टार कमी दिला तो ब्रिंडलसाठी. दोष लॅबचा नाही, विज्ञान अजून तिथपर्यंतच पोचलंय, पण टेस्ट घेणाऱ्याला आधी माहिती हवं. ब्रिंडल१ ची टेस्ट २०१६ मध्ये क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांच्या एका कुटुंबात सापडलेल्या एमबीटीपीएस२ जीनमधल्या बदलाची आहे. हा जीन एक्स क्रोमोसोमवर, त्यामुळे पट्टे फक्त घोडीत दिसतात, काही पेशींत एक एक्स चालू आणि काहींत दुसरा, अगदी तीन रंगांच्या मांजरीसारखं. नरात हा बदल असला तर पट्टे नाहीत, नुसती आयाळ आणि शेपूट विरळ. मिनिएचरमध्ये उभे पट्टे दिसले तर बहुतेक वेळा हा बदल नसतो, मग रिपोर्टवर "नाही" येतं आणि प्रश्न तसाच राहतो. काही ब्रिंडल घोडे कायमेरा असतात, म्हणजे गर्भातच दोन जुळी भ्रूणं एक होऊन एकाच अंगात दोन डीएनए. एकाच जागचे केस पाठवले तर ते सापडणार नाही, म्हणून गडद आणि फिकट अशा दोन जागांचे वेगवेगळे नमुने द्या आणि तसं लॅबला लिहून कळवा. ऑस्ट्रेलियात कॅच अ बर्ड नावाचा थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा) घोडा होता, गडद अंगावर पांढऱ्या केसांची विचित्र जाळी, आणि त्याची काही पिल्लं चक्क रोन निघाली, जेव्हा थरोब्रेडमध्ये रोन जवळजवळ नसतोच. अशा घोड्याच्या केसांवरून पिल्लांचं भाकीत कोण करणार? रॅबिकॅनोची तर टेस्टच नाहीये. म्हणून "रेअर पॅटर्न, पिल्लांना पण येणार" असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मिनिएचरवाल्यांनी रंगाच्या पॅनलसोबत ड्वार्फिझमची, म्हणजे खुजेपणाच्या आनुवंशिक दोषाची टेस्ट घ्याच, ही खरं तर आधी घ्यायची. एसीएएन जीनमधले चार बदल तपासतात, एक कॉपी असलेला घोडा अगदी ठणठणीत दिसतो, पण दोन वाहकांची जोडी लागली तर शिंगरू वाकड्या पायांचं, बसक्या तोंडाचं, श्वास घ्यायला त्रास होणारं निघू शकतं, काही जोड्यांत गर्भच पडतो. एएमएचए, म्हणजे अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या रजिस्ट्रीत उंचीची ३४ इंचांची मर्यादा आहे, त्यामुळे जितकं छोटं तितकं चांगलं अशी ओढ ब्रीडर लोकांत असतेच, त्यात वर रंगाची हौस, आणि भोगतं शिंगरू. विकत घेताना ब्रीडरला तीन गोष्टी विचारा : आई-बापाची ड्वार्फिझम टेस्ट, सिल्व्हर आणि एलपीच्या कॉपी किती, आणि केस न कापलेला हिवाळ्यातला फोटो. पहिल्या दोन गोष्टींचे कागद दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याचा घोडा झेब्र्यासारखा दिसत असला तरी मी घेणार नाही.