‘पाण्यात होते का?’ : कोल्हापुरातल्या जुन्या वस्तूंच्या एका गटाचा दोन वर्षांचा अनुभव

शाहूपुरीतले जुने घर सोडून आर. के. नगरातल्या दोन खोल्यांच्या सदनिकेत जायचे ठरले, तेव्हा घरातल्या निम्म्या सामानाला तिकडे जागा नाही हे मोजपट्टी न लावताही दिसत होते. भंगारवाला लोखंडी कपाटाला किलोचा भाव सांगत होता आणि जुने फर्निचर घेणारे दुकानदार वस्तू न बघताच फोनवर सगळ्याचा एक आकडा ठोकून मोकळे होत होते. शेवटी शेजारच्या वहिनींनी मला जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका व्हॉट्सॲप गटात घातले. त्या गटाच्या दोन वर्षांच्या वापरावर हे लिहीत आहे. गटाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण व्हॉट्सॲपची १०२४ सदस्यांची मर्यादा त्याने केव्हाच गाठली असून कोणी बाहेर पडल्याखेरीज नव्याला आत शिरता येत नाही. मात्र असे गट आता शहराच्या प्रत्येक भागात आहेत, आणि त्यांतला कोणता निवडावा हे ठरवताना माझ्या अकरा विक्रींचा आणि चार खरेदींचा अनुभव कामी यावा.

गटाची शिस्त चांगली आहे, हे आधी सांगते. जाहिरातीत वस्तूचा फोटो, किंमत आणि भाग या तीन गोष्टी हव्यातच. ‘किंमत खासगीत विचारा’ असे लिहिले की ॲडमिन ती जाहिरात काढून टाकतात. वस्तू विकली गेली की विकणाऱ्याने मूळ जाहिरातीखाली ‘विकली’ असे लिहायचे असते आणि दुकानदारांना गटात मज्जाव आहे. उघड किंमत हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एकदा आकडा सर्वांसमोर आला की समोरच्याचा पेहराव किंवा आडनाव बघून तो बदलता येत नाही.

घासाघीस मात्र कोणत्याही नियमाने थांबत नाही, आणि थांबूही नये. ‘शेवटचं किती?’ हा प्रश्न जाहिरात टाकल्यापासून मिनिटभरात येतो आणि त्यात कोणी अपमान मानत नाही. खटकते ते वेगळेच. माझे सागवानी टेबल फोनवर २,२०० रुपयांना ठरले होते. घेणारे गृहस्थ छोटा हत्ती भाड्याने करून दारात आले, टेबल दोन माणसांनी जिन्यातून खाली उतरवले, आणि मग ते म्हणाले, ‘काकी, १,८०० करा की, गाडीभाडं पण बघा माझं.’ वाहतुकीचा खर्च घेणाऱ्याचा असतो हे गटात सर्वांना ठाऊक आहे, आणि वस्तूत न सांगितलेला दोष निघाला नसेल तर दारात आल्यावर ठरलेला आकडा हलवायचा नसतो. मी ते टेबल पुन्हा वर चढवायला लावले. त्यांनी पायऱ्यांवरच २,२०० रुपये दिले, पण दोघांचीही सकाळ कडू झाली ती झालीच.

याहून अधिक त्रास ‘मी घेतो’ म्हणून गायब होणाऱ्यांचा होतो. पहिल्याने होकार दिला की बाकीच्यांना थांबायला सांगायचे, हा इथला रिवाज आहे आणि तो न्याय्यही आहे. पण किती वेळ थांबायचे हे कोणीच ठरवलेले नाही. माझ्या शिलाई मशीनला एका ताईंनी चार दिवस अडवून ठेवले, त्या काळात दोन खरी गिऱ्हाइके दुसरीकडे गेली, आणि पाचव्या दिवशी ‘मिस्टर नको म्हणतात’ असा निरोप आला. तेव्हापासून मी जाहिरातीतच ‘उद्या संध्याकाळपर्यंत न आल्यास पुढच्याला’ असे लिहिते, किंवा शंभर रुपये इसार घेते. इसार या शब्दाला अजून वजन आहे. ‘टोकन’ म्हटले की लोक ते परत मागतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. या गटात मी घेतलेली सर्वांत महाग वस्तू म्हणजे ४,५०० रुपयांचे धुलाई यंत्र. जाहिरातीत ‘उत्तम स्थिती, दोन वर्षे वापर’ असे होते. मी पाणी भरून, कपडे घालून, पिळण्यापर्यंतचा पूर्ण फेरा चालवून बघितला आणि समाधानाने पैसे दिले. तीन आठवड्यांनी यंत्र मधेच बंद पडू लागले. उद्यमनगरातून आलेल्या मेकॅनिकने ते भिंतीपासून ओढून पाठीमागचे झाकण उघडले आणि काही न बोलता मोटरच्या वायरींच्या जोडावर बोट फिरवून ते माझ्यासमोर धरले. बोटावर राखाडी, पिठासारखा मऊ गाळ होता. जोडाच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता आणि आतल्या पत्र्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पाणी कुठवर आले होते त्याची रेघ स्पष्ट उमटलेली होती.

कोल्हापूरकराला ती रेघ वाचायला शिकवावी लागत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पंचगंगा २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ५५ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा शाहूपुरी, दुधाळी, सुतारवाडा, नागाळा पार्क अशा भागांतली हजारो घरे सामानासकट पाण्यात होती. त्यातले बरेच सामान धुऊन, वाळवून, पुसून आजही वापरात आहे आणि हळूहळू बाजारात येते आहे. त्यात लपवण्यासारखे काही नाही. आमच्याच घरात होते. पण न सांगता विकणे वेगळे. पाण्यातून निघालेले यंत्र सुकल्यावर चालते, चाचणीतही पास होते, आणि जोडांत अडकलेला गाळ हवेतला ओलावा धरून ठेवत असल्याने पुढे आतून गंजत राहते. म्हणून चालवून दाखवले एवढ्यावर विसंबू नये. दुचाकीच्या हेडलाइटच्या आत धुरकट कडा आहे का, मीटरच्या काचेत धुके धरले आहे का, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्याचा रंग फुगला आहे का, आणि कोणत्याही यंत्राच्या पाठीमागच्या स्क्रूंच्या खाचांत माती आहे का, हे बघायला पाच मिनिटे लागतात.

मी विकणाऱ्या मुलाला फोटो पाठवला. त्याने फोन उचलला, हे त्याच्या बाजूने नमूद करते. ‘पाण्यात नव्हतं ओ काकी, मी आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्याकडून घेतलंय,’ तो म्हणाला. मग ‘दोन वर्षे वापर’ कोणी मोजला, असे विचारल्यावर तो गप्प झाला. त्यालाही तेच सांगून विकले असणार. त्याने दोन हप्त्यांत दोन हजार रुपये परत केले. ॲडमिनना कळवले असता ‘व्यवहार झाला की गट जबाबदार नाही’ असे उत्तर आले. ते खोटे नाही, कारण हे लोक फुकट काम करतात. पण ‘दुसऱ्याकडून घेतलेली वस्तू असेल तर तसे लिहावे’ एवढा नियम करायला पैसे लागत नाहीत. तो नियम आजवर झालेला नाही, आणि या गटाचा हा सर्वांत मोठा उणेपणा आहे.

पैशांच्या बाबतीत गट सावध आहे. स्वतःला लष्करातला जवान म्हणवून, वस्तू न बघताच पूर्ण किंमत कबूल करून, ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारे दोघे माझ्याच कपाटाच्या जाहिरातीवर आले होते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे वाक्य ॲडमिन दर सोमवारी टाकतात आणि फसवणूक झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, हेही सांगतात. जुना मोबाइल घेताना त्याचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तपासून घेण्याची सवयही इथे रुजली आहे.

गाडीच्या व्यवहारात मात्र सगळेच ढिले. मुलाची एमएच-०९ पासिंगची मोटारसायकल विकताना घेणारा म्हणाला, ‘टीटी फॉर्मवर सही करून द्या, नावावर मी करून घेतो.’ असे को‍ऱ्या हस्तांतर-फॉर्मवर सह्या करून गाडी सोडणे म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्याने फिरणे होय. नमुना २९ आणि ३० भरून हस्तांतराची माहिती विकणाऱ्यानेही चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते, आणि २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. आम्ही घेणाऱ्याला सोबत घेऊन सगळे कागद पूर्ण केले आणि मगच दुसरी किल्ली दिली. तो थोडा रुसला, इतकेच.

तरीही मी या गटाला पाचापैकी साडेतीन गुण देईन, आणि त्यातला अर्धा माझ्या शेवटच्या विक्रीमुळे वाढला आहे. लोखंडी कपाटाच्या जाहिरातीत मी पहिलेच वाक्य लिहिले होते : ‘२०१९ ला खालचे दोन कप्पे पाण्यात होते, तळाचा पत्रा एका कोपऱ्यात गंजला आहे, फोटो क्रमांक तीन पाहा.’ किंमत १,८००. घरातल्यांनी मला वेड्यात काढले. दुपारी दोनला जाहिरात टाकली आणि साडेचारला कळंब्याचे एक दांपत्य दारात उभे होते. त्यांनी वरचे कप्पे उघडलेही नाहीत. बाई सरळ खाली बसल्या, गंजलेल्या कोपऱ्यावर नखाने टकटक केली आणि नवऱ्याला म्हणाल्या, ‘दाखवलंय तेवढंच हाय.’ पैसे मोजून दिल्यावर त्यांनी एकच विचारले, आतल्या लॉकरची किल्ली आहे का. ती तेव्हा सापडली नाही, तसे मी सांगितले आणि शंभर रुपये परत केले. दहा दिवसांनी ती शिलाईच्या डब्यात मिळाली, तेव्हा त्यांना फोन करून किल्ली बिंदू चौकात नेऊन दिली. शंभराची नोट त्यांनी आधीच हातात काढून ठेवली होती.