द्रवरूप एल-कार्निटिन: ‘फॅट बर्नर’ म्हणून घ्यावं का?

जिममध्ये आणि ऑनलाइन सर्रास विकल्या जाणाऱ्या या बाटलीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: निरोगी माणसाने वजन उतरवण्यासाठी तिच्यावर पैसे घालू नयेत.

‘कार्निटिन चरबी जाळायला पेशींत आत नेतं’ हे लेबलवरचं विज्ञान खोटं नाही, अर्धवट आहे. पामिटिक ॲसिडसारखी लांब साखळीची मेदाम्लं (चरबीतली फॅटी ॲसिडं) कार्निटिनला जोडली गेल्याशिवाय मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात, शिरत नाहीत, हे खरं. पण दार किती उघडायचं ते ठरतं सीपीटी-१ या एन्झाइमवर. जेवण झालं की इन्सुलिन वाढतं, पेशीत मॅलोनिल-कोए नावाचं रसायन तयार होतं आणि ते सीपीटी-१ला अडवतं. चरबीच्या पेशींतून मेदाम्लं सुटणंही इन्सुलिनच मंदावतं. व्यायामात स्नायूंतलं एएमपीके हे ऊर्जा कमी पडल्यावर जागं होणारं एन्झाइम सक्रिय होऊन मॅलोनिल-कोए घटतं, अडसर दूर होतो. कार्निटिन तिथे आधीपासून पुरेसं असतं. यकृत आणि मूत्रपिंड ते लायसिन व मेथिओनिन या अमिनो ॲसिडांपासून बनवतात, म्हणून मांसातून ते न मिळणाऱ्या शाकाहाऱ्यांनाही सहसा तुटवडा पडत नाही.

प्यायलेलं औषध स्नायूंपर्यंत पोचणं हीच मोठी अडचण आहे. सप्लिमेंटमधलं जेमतेम ५ ते १८ टक्के शोषलं जातं. एका चाचणीत स्नायूंतलं कार्निटिन सुमारे २१ टक्के वाढलं, पण त्यासाठी २४ आठवडे रोज दोनदा २ ग्रॅम एल-कार्निटिन एल-टार्ट्रेट (कार्निटिनचा क्षार) आणि प्रत्येक वेळी ८० ग्रॅम कर्बोदकं घ्यावी लागली. म्हणजे दिवसाला ६४० कॅलरी जादा! स्नायूंत ते ढकलायला इन्सुलिन लागतं, आणि चरबी जळणं रोखतं तेही इन्सुलिनच. व्यायामाआधी नुसता एक घोट घेऊन तासाभरात फरक पडेल, ही अपेक्षा म्हणूनच फोल आहे. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर वजनातली सरासरी घट एक-सव्वा किलोच्या आसपास भरते.

तरी घ्यायचंच असेल तर लेबल नीट वाचा. २ ग्रॅम ‘एल-कार्निटिन एल-टार्ट्रेट’मध्ये प्रत्यक्ष कार्निटिन साधारण १.३६ ग्रॅमच असतं. दिवसाला ३ ग्रॅमच्या आसपास गेलं की मळमळ, जुलाब आणि अंगाला माशासारखा वास येऊ शकतो. न शोषलेल्या कार्निटिनपासून आतड्यातले जिवाणू ट्रायमिथाइलअमाइन बनवतात, त्याचा तो वास. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल किंवा फिट्‌सचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडू नका. जन्मजात कार्निटिन-कमतरता असलेल्यांची गोष्ट वेगळी: त्यांच्यासाठी हे जीव वाचवणारं औषध आहे, आणि त्याचा डोस डॉक्टरच ठरवतात.