मराठी संकेतस्थळांसाठी मोफत एचटीएमएल एडिटर : १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. वाचनालयाचे संकेतस्थळ, माहेरच्या गावातील शाळेचे संकेतस्थळ आणि भावाच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे संकेतस्थळ अशी तीन संकेतस्थळे मी सांभाळते. तिन्ही मिळून दोनशेच्या आसपास पाने आहेत आणि ती सगळी हाताने लिहिलेल्या साध्या एचटीएमएलमध्ये (वेबपान ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिच्यात) आहेत, कारण अशी पाने स्वस्तातल्या सर्व्हरवर चालतात आणि जेथे मोबाइलला जेमतेम रेंज मिळते अशा वाडी-तांड्यावरही लवकर उघडतात. एडिटर, म्हणजे ही पाने लिहिण्याचा प्रोग्राम, विकत घेण्याची तरतूद तिघांपैकी कोणाकडेच नाही. ड्रीमवीव्हरसाठी वर्गणी भरावी लागते, आणि सब्लाइम टेक्स्ट मुदतीशिवाय वापरून पाहता येत असला तरी कायम वापरायचा तर परवाना घ्यावा लागतो; त्यामुळे हे दोन्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवले. पुढे जे लिहिले आहे ते वाचनालयातील ४ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर आणि घरच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर रोजचे काम करताना आढळलेले आहे.

हा शोध कशामुळे सुरू झाला, ते आधी सांगायला हवे. पूर्वी आम्ही एक मोफत एडिटर वापरत होतो, ज्यात कोड न पाहता कागदावर लिहावे तसे पान तयार करता येत असे. एके दिवशी आमच्या लिपिकांनी नवीन ग्रंथांच्या यादीत एक नाव दुरुस्त करण्यासाठी फाइलचा कोड उघडला आणि मला हाक मारली, "ताई, यादी तर आपण मराठीत टाईप केली होती, मग हे आकडे कुठून आले?" पाहते तर संपूर्ण यादीत एकही मराठी अक्षर उरले नव्हते. 'म' च्या जागी २३५० हा आकडा आणि त्याच्या मागेपुढे चिन्हे, अशा पद्धतीने प्रत्येक अक्षर, काना आणि वेलांटी त्या एडिटरने सेव्ह करताना आकड्यांत बदलून टाकली होती. ब्राउझरमध्ये पान अगदी व्यवस्थित दिसत होते, म्हणून कित्येक महिने कोणाच्या लक्षात आले नाही. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत मराठीचे एक अक्षरचिन्ह ३ बाइट घेते, तर या आकडी रूपात तेच ७ बाइट घेते. पण फाइल फुगली याचे मला तितके वाईट वाटले नाही, जितके आपल्याच वाचनालयाची यादी आपल्यालाच वाचता येईना याचे वाटले. ती पाने पुन्हा मराठीत आणायला आम्हा दोघांना तीन रविवार लागले.

तेव्हापासून कोणताही एडिटर हाती घेतला की मी एकच चाचणी आधी करते. मराठी मजकूर असलेल्या एका फाइलची प्रत घ्यायची, ती त्या एडिटरमध्ये उघडायची, एक अक्षर टाईप करून लगेच खोडायचे, सेव्ह करायची आणि तिचा आकार बाइटमध्ये मोजायचा. एका बाइटचाही फरक पडला तर त्याने आपल्या मनाने काहीतरी घातले किंवा काढले आहे, असे समजायचे. नेमक्या ३ बाइटची वाढ दिसली तर फाइलच्या आरंभी बीओएम हे न दिसणारे चिन्ह बसलेले असण्याचा संभव मोठा असतो. साध्या एचटीएमएलमध्ये ते सहसा खपून जाते, परंतु पीएचपीच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेच्या) फाइलमध्ये त्याच चिन्हामुळे पानाच्या आधी नको तो मजकूर पाठवला जाऊन चुकीचे संदेश येऊ लागतात.

या चाचणीत टिकलेल्यांपैकी दोन एडिटर मी सलग वापरले : नोटपॅड प्लस प्लस आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड. ब्लूफिश आणि जिनी हे दोन्ही मुक्त एडिटर हलके आणि चांगले आहेत, आणि जुना संगणक लिनक्सवर नेला तर मी जिनीचाच विचार करीन, पण त्यांवर माझे काम काही दिवसांपुरतेच झाल्यामुळे अधिक लिहीत नाही. ॲडोबीचा ब्रॅकेट्स आणि गिटहबचा ॲटम यांची नावे जुन्या शिफारशींत अजून आढळतात, म्हणून सांगते : ब्रॅकेट्सला ॲडोबीने दिलेला आधार १ सप्टेंबर २०२१ रोजी संपला आणि ॲटमचे काम १५ डिसेंबर २०२२ रोजी थांबवण्यात आले. शाळेच्या संकेतस्थळाची कितीतरी पाने ब्रॅकेट्समध्ये लिहिलेली होती. तरीही तो बंद पडल्यावर एकही पान बदलावे लागले नाही, कारण त्याने फाइलमध्ये स्वतःचे काहीच मिसळलेले नव्हते.

नोटपॅड प्लस प्लस २००३ पासून उपलब्ध आहे, तो मुक्त परवान्याखाली मिळतो आणि फक्त विंडोजवर चालतो. वाचनालयाच्या जुन्या संगणकावर तो डबल क्लिक करताक्षणी उघडतो, आणि समोर वाचक उभा असताना एखादी सूचना बदलायची असेल तर हा गुण फार मोलाचा ठरतो. न सेव्ह केलेल्या मजकुराची प्रत तो आपोआप ठेवतो, आणि मूळ सेटिंगमध्ये हे काम दर ७ सेकंदांनी होते. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाईट कधी जाईल याचा नेम नसतो आणि वाचनालयाच्या यूपीएसची बॅटरी थकलेली आहे. एप्रिल-मे या दोन महिन्यांत संगणक कामाच्या मध्येच किमान दहा वेळा बंद पडला असेल, पण टाईप केलेले एखाद्या ओळीहून अधिक कधी गेले नाही. फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) आहे ते खाली उजव्या कोपऱ्यात सतत दिसते. मात्र एन्कोडिंगच्या मेनूतील एक बारकावा नवख्याने आधीच समजून घ्यावा. त्यात नुसते 'यूटीएफ-८' निवडले तर आहे तीच फाइल यूटीएफ-८ समजून वाचली जाते, आणि 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' निवडले तरच मजकुराचे खरोखर रूपांतर होते. ही गल्लत करून फाइल सेव्ह केली तर मराठीचा चुराडा होतो.

व्हिज्युअल स्टुडिओ कोड मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणला आणि तो पूर्णपणे मोफत आहे. ज्यांना मायक्रोसॉफ्टकडे जाणारी वापराची माहिती नको असेल, त्यांना ती सेटिंगमधून बंद करता येते. किंवा त्याच मूळ कोडवरून तयार केलेला व्हीएसकोडियम वापरता येतो, मात्र त्यात एक्स्टेंशन (एडिटरला जोडायच्या जादा सोयी) ओपन व्हीएसएक्स या वेगळ्या भांडारातून घ्यावी लागतात. हा एडिटर इलेक्ट्रॉनवर, म्हणजे क्रोमियम ब्राउझरच्याच गाभ्यावर, उभा असल्यामुळे रॅम भरपूर घेतो. ४ जीबीच्या संगणकावर त्याच्यासोबत ब्राउझर उघडला की टाईप केलेले अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागू लागतो, म्हणून तो मी घरीच वापरते.

मराठीसाठी त्याची काही सेटिंग बदलावीच लागतात, आणि हे मला कोणी आधी सांगितले असते तर माझे पहिले दोन महिने सोपे गेले असते. मोठ्या परिच्छेदाची ओळ मूळ सेटिंगमध्ये दुमडत नाही, म्हणून वर्ड रॅप (ओळ पडद्याच्या रुंदीत दुमडण्याची सोय) सुरू करावे लागते. ते केल्यावरही ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात, कारण ओळ कोठे दुमडायची याचा हिशेब सर्व अक्षरांची रुंदी सारखी आहे असे धरून केलेला असतो, आणि आपल्या लिपीत 'र' आणि 'क्ष' एका रुंदीचे कधीच नसतात. 'रॅपिंग स्ट्रॅटेजी' हे सेटिंग 'सिंपल' वरून 'ॲडव्हान्स्ड' केले की ही अडचण दूर होते; फार मोठ्या फाइलमध्ये वेग थोडा कमी होऊ शकतो, पण आमच्या पानांवर मला तो फरक जाणवला नाही. अक्षरांचा मूळ आकार १४ आहे. त्यात अनुस्वार आणि रफार नीट ओळखू येत नाहीत, म्हणून मी तो १९ केला आणि दोन ओळींतील अंतरही वाढवले.

एमेट ही संक्षेपावरून कोड तयार करून देणारी सोय या एडिटरमध्ये आधीपासूनच असते. उद्गारचिन्ह टाईप करून टॅब दाबले की पानाचा संपूर्ण सांगाडा, यूटीएफ-८ च्या उल्लेखासह, तयार होतो. पण त्या सांगाड्यात पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली असते, आणि घाईत ती तशीच राहते. आमच्या वाचनालयाचे एक अंध सभासद मोबाइलवरील स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) साहाय्याने संकेतस्थळ ऐकतात. त्यांनीच एकदा मला विचारले की यादीची काही पाने नीट वाचली जातात आणि काही पानांवर आवाज इंग्रजी धाटणीने का अडखळतो. भाषेची नोंद चुकलेली ती पाने माझीच होती. आता एमेटच्या सेटिंगमध्ये भाषेच्या जागी मराठीचे संक्षिप्त चिन्ह कायमचे लिहून ठेवले आहे.

देखभालीची खरी परीक्षा झाली ती नावे बदलताना. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, आणि तिन्ही संकेतस्थळांवरील पत्ते, वेळापत्रके आणि बाजारभावांचे तक्ते यांतील जुनी नावे बदलण्याचे राहून गेलेले काम मी या वर्षी हाती घेतले. दोन्ही एडिटरमध्ये संपूर्ण फोल्डरमध्ये शोधून एकदम बदल करता येतो, पण त्या दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. नोटपॅड प्लस प्लस एकदा विचारतो आणि थेट फाइलींमध्ये बदल लिहून मोकळा होतो. पाठीशी प्रत नसेल तर ते मागे घेता येत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये मात्र प्रत्येक फाइलमधील प्रत्येक जागा, जुना आणि नवा शब्द शेजारी-शेजारी दाखवून, आधी तपासता येते आणि नको ती जागा वगळता येते. मराठीत याची गरज किती आहे ते पाहा. 'औरंगाबादला' चे 'छत्रपती संभाजीनगरला' बिनचूक होते, पण 'औरंगाबादेत' चे 'छत्रपती संभाजीनगरेत' होते आणि 'उस्मानाबादेत' चे 'धाराशिवेत', जे कोणीही बोलत नाही. शिवाय आमच्या ग्रंथसूचीत प्रकाशनस्थळ म्हणून असलेले 'औरंगाबाद' बदलणे चूकच ठरले असते, कारण त्या पुस्तकाच्या पानावर जे छापले आहे तेच सूचीत राहिले पाहिजे. एकेक जागा डोळ्यांखालून घालता आली म्हणूनच सूचीतील त्या नोंदी शाबूत राहिल्या.

याच कामात आणखी एक अडचण समोर आली. कंपनीच्या संकेतस्थळावर 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द जवळपास प्रत्येक पानावर आहे, पण शोधल्यावर निम्म्याच पानांची यादी आली. कारण असे की 'ऱ्या' मधला तो अर्धा र दोन प्रकारांनी टाईप होतो : एकात खाली टिंब असलेला ऱ वापरला जातो आणि दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह येते. काही पाने मी संगणकावर टाईप केली होती आणि काहींचा मजकूर भावाने मोबाइलवर लिहून पाठवला होता. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण एडिटरच्या दृष्टीने ते वेगळे असतात. दोन्ही एडिटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा (खुणांच्या साच्याने शोधण्याचा) पर्याय निवडून त्या अदृश्य चिन्हाचा युनिकोड क्रमांक देता येतो आणि अशा सर्व जागा सापडतात. मी सगळीकडे पहिला प्रकार ठेवला आणि भावाला तसे कळवले.

व्हिज्युअल स्टुडिओ कोडची कोड आपोआप नीट मांडून देण्याची सोयही मी बेताने वापरते. मूळ सेटिंगमध्ये ती एचटीएमएलची ओळ १२० अक्षरांवर तोडते. त्यामुळे 'छत्रपती' एका ओळीच्या शेवटी आणि 'संभाजीनगर' पुढच्या ओळीच्या आरंभी जाऊन पडते, आणि मग ते जोडनाव शोधूनही सापडत नाही. ती मर्यादा शून्य केली की ओळी आपल्या जागी राहतात.

बाकीचे थोडक्यात सांगते. लाइव्ह सर्व्हर हे एक्स्टेंशन घातल्यास फाइल सेव्ह करताच ब्राउझरमधील पान आपोआप ताजे होते, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. फाइली सर्व्हरवर चढवण्यासाठी मी फाइलझिला हा स्वतंत्र मोफत प्रोग्रामच वापरते, कारण एडिटरमधून थेट सर्व्हरवरील फाइल उघडून बदलण्याची सवय लागली की घरची प्रत आणि तिकडची प्रत यांचा मेळ राहत नाही. गिटची, म्हणजे फाइलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवून मागे जाऊ देणाऱ्या प्रोग्रामची, सोय व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये अंगभूतच आहे, मात्र गिट वेगळे बसवावे लागते. ते शिकायला मला पंधरा दिवस लागले, पण नावे बदलण्याचे काम मी निर्धास्तपणे करू शकले ते त्याच्याच भरवशावर.

सध्या आमच्याकडे कामाची विभागणी अशी आहे. नवीन ग्रंथांची यादी आणि सुट्ट्यांच्या सूचना आमचे लिपिक जुन्या संगणकावर नोटपॅड प्लस प्लसमध्ये स्वतः लिहितात, आणि अनेक पानांना हात लावणारे बदल मी घरी व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये करते. चढवण्यापूर्वी प्रत्येक पान डब्ल्यू३सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या मोफत तपासणी-साधनातून जाते. लिपिकांनी या महिन्याची यादी केली तेव्हा त्यांनी मला दाखवण्याआधीच कोड उघडून पाहिला, आणि प्रत्येक नाव मराठीत आहे याची खात्री झाल्यावरच ती चढवली.