निक्सन म्युझियम, योर्बा लिंडा: एका निवृत्त लघुलेखकाचा अभिप्राय

मी 32 वर्षं कोर्टात लघुलेखक होतो. लोक बोलणार, आपण वहीत उतरवायचं, संध्याकाळच्या आत टाइप करून द्यायचं. आणि मधेच साहेब ‘हे घेऊ नका’ म्हणाले की पेन्सिल उचलायची. 2019 मध्ये अर्वाइनला लेकीकडे गेलो तेव्हा जावई डिस्नेलँडची तिकिटं काढायला निघाले होते. म्हटलं, ते नंतर. आधी निक्सनकडे न्या.

गाडीने अर्धा-पाऊण तास. योर्बा लिंडा हे आता नीटनेटकं उपनगर आहे, पण पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रिचर्ड निक्सन 9 जानेवारी 1913 ला इथे जन्मले तेव्हा आजूबाजूला लिंबाच्या बागा होत्या. वडिलांनी तयार भागांचा संच आणून 1912 मध्ये हाताने बांधलेलं लाकडी घर आवारात जसंच्या तसं उभं आहे. बागेतून काही मिळालं नाही, कुटुंब 1922 मध्ये व्हिटियरला गेलं. खोल्या इतक्या लहान की आमची परळची चाळ आठवली. घरापासून चार पावलांवर निक्सन आणि पत्नी पॅट यांच्या कबरी. जन्म आणि शेवट एकाच आवारात, मधलं सगळं वॉशिंग्टनला.

हिने मला गुलाबाच्या वाफ्यांपाशी अर्धा तास थांबवलं. वाफे चांगले आहेत, तक्रार नाही.

हेलिकॉप्टर मात्र मी चुकवलं नाही, तेव्हा ते तिथेच उभं होतं. 9 ऑगस्ट 1974 ला राजीनामा देऊन याच यंत्रात बसून ते व्हाइट हाउसमधून गेले. पायऱ्यांवर वळून दोन्ही हात वर करून बोटांनी विजयाची खूण केली, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. आत चढता आलं. जागा आपल्या एशियाडपेक्षा फार मोठी नाही.

आता ज्यासाठी गेलो ते. वॉटरगेट, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतली चोरी आणि ती दडपायची खटपट. हे म्युझियम 1990 मध्ये सुरू झालं ते खासगी होतं, निक्सन यांच्याच माणसांचं, आणि तेव्हाच्या दालनात सगळा प्रकार म्हणजे विरोधकांचा डाव असा सूर होता. 2007 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ते ताब्यात घेतलं, जुनं दालन काढून टाकलं आणि 31 मार्च 2011 ला नवं उघडलं. ज्याचं स्मारक, त्याच्याच आवारात त्याच्यावरचं आरोपपत्र पुराव्यानिशी मांडायचं, हे मला फार आवडलं. आपल्याकडे पुतळ्याच्या चौथऱ्यावर असं काही लिहून दाखवा.

तिथे टेप ऐकायची सोय आहे. फेब्रुवारी 1971 ते जुलै 1973 या काळात निक्सन यांनी स्वतःच्याच कचेरीत गुपचूप ध्वनिमुद्रण बसवलं होतं. कोणी बोलायला लागलं की यंत्र आपोआप सुरू. सुमारे 3,700 तासांचा माल. लघुलेखक निदान माणूस असतो, थकतो, साहेबांच्या डोळ्याकडे बघतो. यंत्राला ‘हे घेऊ नका’ कळत नाही. 17 जून 1972 ला वॉटरगेट इमारतीत पाच चोर पकडले गेले. 23 जूनच्या टेपमध्ये निक्सन आणि त्यांचे मुख्य सहायक हाल्डमन, सीआयएला पुढे करून एफबीआयचा तपास कसा थांबवायचा हे ठरवतायत. आवाज खरखरीत, कपबशा वाजतात, दोघे एकमेकांचं वाक्य तोडतात. मला शब्द कळायला तीनदा ऐकावं लागलं. आरडाओरडा नाही, कट वगैरे वाटत नाही. सकाळची कामं निपटतायत असा स्वर. नोव्हेंबर 1972 मध्ये 50 पैकी 49 राज्यं जिंकलेला माणूस या एका संभाषणाने गेला. टेप सोपवा असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 0 ने दिल्यावर ही टेप 5 ऑगस्ट 1974 ला बाहेर आली आणि चार दिवसांत ते माजी झाले. महिन्याभरात नवे अध्यक्ष फोर्ड यांनी माफी दिली, म्हणजे खटला उभाच राहिला नाही. माझ्यासारख्याला ते अजून खटकतं.

20 जूनच्या टेपमधली साडेअठरा मिनिटं पुसलेली आहेत. सेक्रेटरी रोझ मेरी वुड्स यांनी सांगितलं, टाइप करताना फोन आला, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं आणि पाय पेडलवरच राहिला, त्यात पाचेक मिनिटं गेली असतील. उरलेली कशी गेली ते त्यांना माहीत नाही. हात मागे ताणून, पाय पुढे ठेवून त्यांनी ते करून दाखवलं, तो फोटोही प्रसिद्ध आहे. आमच्या एका साहेबांचा डिक्टाफोन असाच पायाने चालायचा. म्हणून लेकीच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मी प्रयोग केला. पेडल म्हणून वजनकाटा, मागे ओट्यावर फोन. मिनिटभरात पोटरीत गोळा आला. तज्ज्ञांनी निदान पाच वेळा वेगवेगळं पुसल्याचं सांगितलं होतं. मला तज्ज्ञांची गरज उरली नाही. तरी त्या बाईंबद्दल वाईट वाटतं. साहेबांचं निस्तरायला नेहमी स्टेनोच सापडतो.

आणि 1971. तेव्हा मी चौदा वर्षांचा. खिडक्यांना काळा कागद, खालून कोणीतरी ओरडायचं, ‘ए, तिसरा मजला, दिवा!’ अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात निघालंय, हे घरात वडील हळू आवाजात बोलायचे. चीनचं दार निक्सन यांनी उघडलं हे खरं, आणि ते म्युझियममध्ये अभिमानाने मिरवलंय. पण ती वाट पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान यांच्या अंगणातून गेली. जुलै 1971 मध्ये निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पोट बिघडल्याचं सांगून पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला गेले, आणि त्याच काळात ढाक्यातल्या कत्तलीवर अमेरिकेच्याच तिथल्या वाणिज्य दूतावासाच्या तारा वॉशिंग्टनमध्ये दाबून ठेवल्या जात होत्या. इंदिराबाईंना भेटल्यावर 5 नोव्हेंबरला निक्सन त्यांना ‘म्हातारी चेटकीण’ म्हणाले, हेही टेपवरच आहे. 2005 मध्ये त्याचे उतारे प्रसिद्ध झाले. हे संदर्भ घरून वाचून जा, म्हणजे चीनचं दालन वेगळं दिसतं.

पाचपैकी साडेचार. सकाळी लवकर जा, तीन तास हाताशी ठेवा, पोरांना कंटाळा येईल.

एक राहिलंच. ओव्हल ऑफिसची हुबेहूब प्रतिकृती आहे, टेबलामागे बसून फोटो काढू देतात. मूळ टेबलात पाच मायक्रोफोन बसवलेले होते, म्हणून मी बसण्याआधी वाकून खाली बघितलं. ही म्हणाली, “अहो, काय पडलं?” जावयांनी नेमकं तेव्हाच बटण दाबलं. माझा त्या खोलीतला एकमेव फोटो पाठमोरा आहे.